ज्याला मी शैली म्हणाले

सरांच्या नदीच्या चित्रांवर मी दोन पानं लिहिली होती. नांदेडला त्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा काढलेल्या छोट्या पुस्तिकेत ती छापली गेली. आजवर मी जे काही लिहिलं त्यात तेवढंच लोकांनी मनापासून वाचलं, आणि तेच साफ चुकलं होतं. एका माणसाची नजर जात होती आणि तिला मी शैली म्हणाले.

सर म्हणजे माझे चित्रकलेचे शिक्षक. कंधारला बारावी करून मी नांदेडला चित्रकलेच्या पदविकेला आले तेव्हा मला रंग म्हणजे डबीतला रंग एवढंच माहीत होतं. घरात चित्रकार होणारी मी पहिलीच, त्यामुळे घरचे जरा घाबरलेले. वडील मला सोडायला आले होते. त्यांनी सरांना विचारलं, "हे शिकून पोरीला नोकरी लागंल का?" सर म्हणाले, "मला लागली की. माझा बाप रेल्वेत गँगमन होता, किनवटच्या बाजूला. रूळ ठोकायचा. मी ब्रश धरला, उपाशी न्हाई मेलो." वडिलांना ते पटलं. आमच्यासारख्याच घरातला, बाबासाहेबांचा फोटो दारासमोर लावलेला माणूस आहे, एवढं त्यांना पुरलं.

वर्गात मागच्या भिंतीवर एक छापील चित्र होतं. कुठल्यातरी जुन्या कॅलेंडरातून कापून सरांनी ते पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. परदेशातल्या एका शहरातली नदी, हिवाळ्यातली सकाळ. दगडी पूल, त्याखाली मालाच्या दोन लांब होड्या, पलीकडच्या काठावर कारखान्यांच्या चिमण्या आणि धूर. चार पावलं मागं उभं राहिलं की ओलसर थंडी अंगाला लागायची. नाक लावून बघितलं की पूलही नाही न् होडीही नाही, नुसते फटकारे.

पहिल्या वर्षी सरांनी मला त्या चित्रापुढे उभं केलं.

"पाणी कसलं हाय?"

"निळं, सर."

"कुठं निळं हाय? बोट ठेव."

मी बोट ठेवायला गेले आणि ठेवता येईना. जिथं निळं वाटत होतं तिथं जांभळा होता, त्याच्या शेजारी मळका गुलाबी, मध्येच हिरव्याची बारीक रेघ. कुठलाच रंग दुसऱ्यात मिसळलेला नव्हता. शेजारी शेजारी ठेवून दिलेले, आणि निळा माझ्या डोळ्यात तयार होत होता.

"आता काय वाटतंय सांग."

"उदास वाटतंय."

"कशानं उदास वाटतंय? रंगानं, फटकाऱ्यानं, का मोकळी जागा सोडल्यानं?"

मग त्यांनीच दाखवलं. आभाळ आणि पाणी दोघांना एकाच वजनाचा करडा दिलाय, त्यामुळं नदी कुठं संपते तेच कळत नाही. पाण्यातले फटकारे सगळे आडवे, धुरातले उभे, म्हणून धूर हलतो आणि पाणी साचल्यासारखं वाटतं. पुलावर माणसं आहेत, पण एकालाही तोंड नाही. "उदासी कुठून तरी येती," सर म्हणाले. "ती कुठून आली ते सापडल्याबिगर चित्राबद्दल बोलायचं न्हाई."

पुढे मी कलेचा इतिहास घेऊन पदव्युत्तर शिक्षण केलं आणि लातूरला एका कला महाविद्यालयात शिकवायला लागले. इम्प्रेशनिझम, म्हणजे त्या कॅलेंडरातल्या चित्राची चित्रपद्धत, शिकवताना सरांचीच वाक्यं माझ्या तोंडून निघायची. महिना-दोन महिन्यांनी अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला जायचे आणि सरांच्या घरी उतरायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला माहेरवाशिणीसारखं वागवायच्या.

निवृत्त झाल्यावर सरांनी गोदावरी रंगवायला घेतली. रोज सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर एकाच जागी बसायचे. समोर जुना पूल, नाल्याचं पाणी मिसळून काळपट झालेली नदी, पलीकडं जलपर्णीचा हिरवा थर आणि चितेचा धूर असला तर तोही. सुरुवातीची चित्रं सरांच्या नेहमीच्या हाताची होती. पुलाचा कठडा मोजून घ्यावा इतकी नेमकी.

मग चित्रं बदलली. मधली एक कमान आणि तिच्याखालचं पाणी तेवढं ठळक राहायला लागलं. कडेला सगळं विरत गेलं. डावीकडचा घाट तर काही चित्रांत नव्हताच, तिथं नुसता पातळ करडा हात फिरवलेला. उजेड आणि सावलीतलं अंतर कमी झालं. आभाळ आणि पाणी एकाच वजनाचे होत गेले. मी बघितलं आणि अंगावर काटा आला. मला वाटलं, इतकी वर्षं भिंतीवरचं ते परदेशी चित्र शिकवणारा माणूस शेवटी स्वतःच्या नदीत तिथंच येऊन पोहोचला.

बाकीचंही दिसत होतं मला, ते आता सांगते. सर चहाचा कप स्टुलावर ठेवायला जायचे आणि तो स्टुलाच्या बाहेर ठेवायचे. दाराच्या चौकटीला डावा खांदा घासायचा. मी डाव्या बाजूनं आत आले तर बोलेपर्यंत त्यांना पत्ता नसायचा. एकदा वाढलेल्या ताटातली भाजी तशीच राहिली, काकूंनी ताट फिरवून दिलं तेव्हा खाल्ली. लातूरला जाऊन हे मी सहकाऱ्यांना कौतुकानं सांगितलं होतं. मी म्हणाले होते, "चित्र सुरू असलं की सर जगात नसतातच."

प्रदर्शनासाठी लिहायला त्यांनी मलाच सांगितलं. मी आठ दिवस त्या दोन पानांवर घालवले. त्यातलं थोडं माझं मलाच पाठ आहे: 'या चित्रांत शहर कडेकडेनं विरघळत जातं. चित्रकार डावीकडे मुद्दाम काही ठेवत नाही. एक कमान आणि तिच्याखालचं पाणी एवढंच तो जवळ धरतो आणि बाकीचं सोडून देतो. वय झालेल्या माणसानं जगाशी केलेली ही सावकाश ताटातूट आहे, आणि तिच्यात तक्रार नाही.'

ते वाचून सरांचा फोन आला. जोरात हसत होते.

"पोरी, मला सोताला बी ठाऊक नव्हतं, मी असलं काही करून राहिलो ते!"

मीही हसले. मला तो विनय वाटला.

प्रदर्शनाला गर्दी बरी झाली. सरांचे जुने विद्यार्थी आले, घाटावरचे दोन नावाडी आले, कॉलेजची मुलं पुस्तिका हातात धरून चित्रापासून मागं मागं सरकत बघत होती. सरांनी नवा नेहरू शर्ट घातला होता. लोक विचारायचे, सर, ही बाजू मोकळी का सोडली? सर माझ्याकडं हात करायचे, "तिला विचारा, तिनं लिहिलंय." आणि मी सांगायचे. मला फार छान सांगता येतं.

त्यानंतर सव्वा वर्षानं काकूंचा फोन आला. सर रस्ता ओलांडत होते, डावीकडून मोटारसायकल आली आणि उडवलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. मी दुपारपर्यंत नांदेडला पोहोचले. दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरांनी खांदा बांधला आणि विचारलं, "गाडी दिसली कशी नाही? रस्ता तर सरळ आहे." सर म्हणाले, "नव्हतीच गाडी. एकदम आली." डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांपुढं दोन्ही बाजूंनी बोटं हलवून बघितली. डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं.

तिथं एका अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढं सरांना बसवलं. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडं बघत राहायचं, आजूबाजूला कुठं बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागं उभी होते. तिथून मला उजेड चमकताना दिसत होता, वर, डावीकडं, खाली. सरांचं बोट हलत नव्हतं. मध्येच एखादा ठिपका अगदी समोर चमकला की टक् असा आवाज यायचा. मग पुन्हा कितीतरी वेळ काही नाही. सर नेटानं बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. संपल्यावर त्यांनी विचारलं, "आता सुरू करायचं का?"

बाई डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी यंत्रातून निघालेला कागद टेबलावर ठेवला. प्रत्येक डोळ्याचा एकेक गोल. मध्ये थोडासा पांढरा, त्याच्याभोवती करडा, तो गडद होत होत कडेला पूर्ण काळा. डाव्या बाजूला तर काळं पार मध्यापर्यंत आलेलं. छपाई बारीक बारीक ठिपक्यांची होती, जवळून ठिपके, लांबून छटा.

मला तो कागद ओळखीचा होता. त्याच्यावर मी दोन पानं लिहिली होती.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस वाळत जाते. दुखत नाही, त्यामुळं कळत नाही. कडेनं दिसायचं कमी होतं आणि माणसाला वाटतं सगळं नीट आहे. घरात कुणाला होता?"

"बापाला दिसत न्हवतं शेवटी," सर म्हणाले. "घरापासून नळापर्यंत तार बांधली होती आम्ही, तिला धरून जायचा. पण ते म्हातारपण होतं."

"ते म्हातारपण नसेल, सर. तुमच्या मुलाचेही डोळे तपासून घ्या."

मग सरांनी एकच प्रश्न विचारला, "गेलेलं परत येतं का?"

"नाही. आहे ते टिकवायचा प्रयत्न करायचा. थेंब रोज घालावे लागतील."

सरांना बाहेर बाकावर बसवून मी परत आत गेले. डॉक्टरांना म्हणाले, "दीड वर्ष आधी आणलं असतं तर?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. असं विचारणारे लोक त्यांना रोज भेटत असतील. "बरंच राहिलं असतं," एवढंच म्हणाल्या.

पायऱ्यांपाशी काकूंनी मला गाठलं. त्या माझ्यावर कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

"मी नंबर लावला होता," त्या म्हणाल्या. "तुझं पुस्तक यायच्या आधी. कप सांडतेत, चौकटीला धडकतेत, मला दिसत न्हवतं का? ह्याच डॉक्टरकडं लावला होता. हाव म्हणाले होते, येतो म्हणाले होते. मग तुझं लिव्हलेलं आलं. मला वाचून दाखवलं सगळं. न् म्हणाले, आता डॉक्टर कशाला? हे बघ काय लिव्हलंय. ही माझी पद्धत हाय, डोळ्याला काय झालंय?"

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या,

"तुला तरी कळायचं होतं, माय. तू तर चित्रातलंच शिकलीस."

एवढं बोलून त्या सरांपाशी गेल्या आणि त्यांचा चांगला हात धरून त्यांना रिक्षात बसवलं.

पुढचे सात-आठ महिने मी नांदेडला गेले नाही. फोन करायचे, खांदा कसा आहे विचारायचे, थेंब घालता ना विचारायचे. सरांच्या पुण्याच्या मुलानं डोळे तपासून घेतले, त्यालाही दाब निघाला, वेळेत निघाला म्हणून त्याचं औषध सुरू झालं, हे काकूंनीच सांगितलं. लातूरला वर्गात इम्प्रेशनिस्ट नदीचं चित्र पडद्यावर लावायचा दिवस आला की मी छपाईतंत्राचा धडा घ्यायचे. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्यांनी कडा अशा पुसट का ठेवल्या?" मी म्हणाले, मला माहीत नाही. वर्ग हसला. त्यांना वाटलं मी त्यांच्याकडून उत्तर काढून घेतेय.

मग सरांचाच फोन आला. "ये एकदा. काम हाय."

गेले. थेंब रोज पडत होते तरी नजर उतरतच गेली होती. डावा डोळा संपला होता. उजव्यात रुपयाच्या नाण्याएवढं मधलं उरलं होतं, तेही लख्ख उन्हात. दारात मी उभी राहिले तर त्यांनी मान हलवत हलवत माझा चेहरा शोधला आणि सापडल्यावर म्हणाले, "वाळलीस."

मागच्या खोलीतून काकूंनी नदीची चित्रं बाहेर काढून ठेवली होती. अकरा. प्रदर्शनानंतर ती भिंतीकडं तोंड करून ठेवलेली होती, वरच्या कडेवर धूळ बसली होती.

"सर, आधी मला बोलायचंय," मी म्हणाले. "माझ्यामुळं तुम्ही डॉक्टरकडं..."

"तुझ्यामुळं कशाला? तू लिहिलंस, मला आवडलं. कुणाला न्हाई आवडणार? आता काम ऐक. ही चित्रं एकेक करून मला सांग, कुठं काय हाय, कुठं काय न्हाई. मी सांगतो ते मागं लिही. जिथं मी सोडलं, तिथं सोडलं म्हणून लिही. जिथं दिसलं न्हाई, तिथं दिसलं न्हाई म्हणून लिही. माझ्या माघारी कुणी परत असलं लिहू नये."

त्यांनी माझ्यावर ठेवलेला ठपका तेवढाच. त्याहून जास्त कधी ठेवला नाही.

आम्ही ओसरीत बसलो. मी पहिलं चित्र मांडीवर उभं धरलं. "पूल सगळा आहे. पाणी उजवीकडं हिरवट. डावीकडं पायऱ्या आहेत, वरच्या तीन."

"खालच्या?"

"नाहीत. नुसता करडा आहे."

"ते सोडलं. धुकं होतं त्या दिवशी. लिही, सोडलं." मी चित्र उलटं करून कॅनव्हासच्या मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलनं लिहिलं.

दुसऱ्यात घाट नव्हता. सर मग म्हणाले, "न्हाई दिसला." मी लिहिलं. तिसऱ्यालाही तेच. चौथ्याला त्यांनी विचारलं, आभाळात चितेचा धूर आहे का? नव्हता. "तो म्या मुद्दाम काढला न्हाई, लई झाला असता." त्यांच्या आवाजात जुना मास्तर आला. पाचव्याला पुन्हा उतरला. सहा, सात. सोडलं असं दोनदाच लिहिलं. बाकी पाच वेळा दुसरं. माझं अक्षर दर वेळी बारीक होत गेलं.

आठवं चित्र पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर होतं. मी ज्याच्यावर निम्मं पान लिहिलं होतं ते. मधली कमान, तिच्याखाली ताटलीएवढा उजेड, आणि डावीकडं निम्म्या कॅनव्हासभर काहीही नाही. ते अजूनही मला चांगलं वाटत होतं. हे कुणाला सांगायचीही लाज वाटावी अशी गोष्ट होती, पण वाटत होतं.

मी सांगायला लागले. कमान, उजेड, पाण्यातले आडवे फटकारे.

"न् होड्या?" सरांनी विचारलं.

"होड्या?"

"डावीकडं. दोन होड्या हायत की. एक बांधलेली, एकीत जाळं. चार दिवस बसलो होतो त्यांच्यावर. ते नावाडी आले होते ना प्रदर्शनाला, ते त्यांच्याच होड्या बघायला आले होते. मीच बोलावलं होतं."

मी चित्र उजेडात तिरकं धरलं. कुठं रंगाचा उंचवटा दिसतो का बघितलं. बोट फिरवलं. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी करडा हात मारताना त्यांनी त्या स्वतःच पुसल्या असतील, किंवा करड्यावर करडाच लागला असेल. मला ते दोन नावाडी आठवले. चित्रापुढं उभे राहून एकमेकांकडं बघत होते. मी त्यांनाही जाऊन समजावून सांगितलं होतं, की रिकामी जागाही काहीतरी बोलते.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघून मान किंचित हलवली. खोटं सांग म्हणत होत्या की खरं सांग, मला आजही कळलेलं नाही.

"नाहीत, सर," मी म्हणाले.

"नीट बघ."

"बघितलं. नाहीत."

सरांनी हात पुढं केला. मी चित्र त्यांच्या गुडघ्यांवर ठेवलं. त्यांनी उजव्या डोळ्याजवळ कॅनव्हास नेला, इतका जवळ की नाकाला रंग लागावा, आणि डाव्या अर्ध्या भागावरून डोकं सावकाश फिरवत राहिले, वरून खाली, परत वर. रस्त्यावरून कांदे विकणाऱ्याची गाडी गेली, तिचा भोंगा लांब जाईपर्यंत ते बघतच होते.

"राहू दे आता," मग ते म्हणाले. "ह्याच्या मागं काही लिहू नको. बाकीची बी राहू दे."

काकूंनी चहा आणला आणि कप त्यांच्या हातात दिला, बोटं कपाभोवती नीट बसेपर्यंत सोडला नाही. मी आणि काकूंनी मिळून चित्रं परत मागच्या खोलीत नेली आणि पहिल्यासारखीच भिंतीकडं तोंड करून ठेवली. पाचची एसटी होती. निघताना पाया पडले तर सरांचा डोक्यावर ठेवायला गेलेला हात माझ्या खांद्यावर पडला, तो त्यांनी तिथंच राहू दिला.

त्याला आता वर्ष होईल. मी अधूनमधून जाते. सर रेडिओ ऐकतात, पेपर काकू वाचून दाखवतात. चित्रांचा विषय मी एकदा काढून बघितला. "बघू," म्हणाले, आणि लातूरला पाऊस झाला का विचारलं.